बहिऱ्या बाईचा दवाखाना

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही, मंडळी. आणि त्याला कारण आहे. सोलापूर परिसरातलं निदान एक भूत मी स्वतः तयार केलेलं आहे. एकोणतीस वर्षं सिटी बसमध्ये कंडक्टर होतो. एका दुपारी गाडी होटगीच्या बाजूला रेल्वे फाटकात अडकली. पुढच्या सीटवरच्या दोन बायका कंटाळल्या होत्या, म्हणून मी त्यांना सांगितलं की ह्या फाटकात डोकं नसलेला गँगमन कंदील दाखवत फिरतो. पंधरा दिवसांनी मागच्या सीटवरच्या एका माणसानं तीच गोष्ट मला शपथ घेऊन ऐकवली. त्याच्या मेव्हण्यानं म्हणे त्या गँगमनला बिडी दिली होती. डोकंच नाही तर बिडी ओढली कुठून, हे मी विचारलं नाही. आपल्याच लेकराला कशाला हिणवायचं?

तर माझं बोलणं रुपयाला चार आणे धरायचं, अशी आमच्या घरची पद्धत आहे. आजचं मात्र पुरं धरा. कुठं वाढवलंच तर मीच थांबून दुरुस्त करीन.

गोष्ट गेल्या वर्षीची. आमची एकुलती एक प्राजक्ता पुण्याला दिलेली आहे. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे डॉक्टर आणि दवाखाना निवडायचं काम मुलीच्या बापाकडं. जावई अमोल फार सरळ माणूस. फोनवर म्हणाला, "बाबा, इथे सगळ्या सोयी आहेत. इथेच करूया का?"

मी म्हटलं, "जावईबापू, सोलापुरात शंभर डॉक्टर माझ्या शब्दाबाहेर नाहीत."

शंभर नव्हते. एक होता, तोही दातांचा.

सातव्या महिन्यात प्राजक्ता आली आणि मी स्कूटर काढली. जुळे सोलापुरातल्या आमच्या घरून निघून मी शहरातले चाळीस दवाखाने पालथे घातले... बरं, सहा. पार्किंग बघितलं, लिफ्ट बघितली, कँटीनचा चहा दोनदा पिऊन बघितला. शेवटी मोठ्या रस्त्यावरचा एक नवा चार मजली दवाखाना पसंत केला. सुनंदा, म्हणजे आमची मंडळी, म्हणाली, "डॉक्टरीण कशी हाय?"

"अगं, लिफ्टमध्ये गाणी लागतात!"

"म्हंजे पोरगी लिफ्टमध्ये बाळंत व्हनार हाय का?"

तिथल्या डॉक्टर मॅडममध्ये काही खोट नव्हती, हे इथंच लिहून ठेवतो. पुढं जे झालं त्यात त्यांच्याकडं बोट दाखवायला जागा नाही. बोट कुणाकडं जातं ते शेवटी कळेलच.

नववा लागला तसं सुनंदानं एकच टुमणं लावलं. "नाव तितं घातलंय तर घातलंय. पर एकदा बाईंचा हात लागू द्या पोरीच्या पोटाला. प्राजक्ता त्यांच्याच हातची हाय की."

बाई म्हणजे पेठेतल्या जुन्या प्रसूतिगृहाच्या बाई. दहा खाटा आणि बाहेर लाकडी बाक. मशीन वगैरे काही नाही. बाईंकडं एक लाकडी नळी असायची, एका टोकाला कर्ण्यासारखी पसरट. ते टोक पोटावर टेकवायचं, दुसऱ्याला एक कान लावायचा, मोकळ्या कानात बोट घालायचं आणि बाळाचे ठोके मोजायचे. मूळच्या अक्कलकोटकडच्या, त्यामुळं मोजायच्या कानडीत. ओंदु, एरडु, मूरु...

प्राजक्ताच्या वेळी मी बाहेर बाकावर वीस पाहुण्यांना किस्से सांगत होतो. माझा आवाज कसा, तर बसचं इंजिन बंद पडलं तरी कळायचं नाही. इतक्यात दार उघडून बाई बाहेर आल्या, कानात बोट तसंच. म्हणाल्या, "ए कंडक्टर, तोंड बंद कर. तुझ्यामुळं मला ऐकू येत नाही."

सासुरवाडीचे सगळे खो खो हसले. मुलगी सुखरूप झाली, एक टाका पडला नाही. पण माझ्या डोक्यात मात्र ते हसणं बसलं.

पुढच्या आठवड्यात त्याच रूटवर ड्यूटी लागली. दवाखान्यासमोर स्टॉप होता. घंटीची दोरी ओढली आणि तोंडातून आपोआप आलं, "चला, उतरा, बहिऱ्या बाईचा दवाखाना!" सगळी बस हसली. कुणीतरी विचारलं, "खरंच बहिरी हाय का ओ?" मी म्हटलं, "मला ऐकू येत नाही असं स्वतः म्हणाली की माझ्यासमोर!" पुढं मी त्यात भर घातली. नळीत तोंड घालून बाई 'हॅलो हॅलो' करते, बाळच आतून ओरडतं, 'राँग नंबर.' सात वर्षं मी त्या स्टॉपला हेच नाव पुकारलं. इतर कंडक्टरांनी उचललं, रिक्षावाल्यांनी उचललं. ठोके ऐकणारी बाईच बहिरी म्हटल्यावर पोटुशी पोर तिच्याकडं कोण नेणार? खाटा रिकाम्या पडत गेल्या आणि शेवटी दवाखाना बंद झाला. सोनोग्राफी आली ना, मशीनचा जमाना, असं मी म्हणायचो. बाई स्वतः कधी माझ्या बसमध्ये दिसल्या नाहीत, नाहीतर मी लाजलो असतो, असंही म्हणायचो.

सुनंदाच्या हट्टापायी एका शनिवारी दुपारी आम्ही तिघं रिक्षात बसलो. मी पत्ता सांगायला लागलो तर रिक्षावाला पोरगेलासा, तो म्हणाला, "काका, बहिऱ्या बाईचा दवाखाना म्हना की सरळ!" खोटं कशाला बोलू, छाती फुगली. दवाखाना जाऊन इतकी वर्षं झाली तरी नाव टिकून होतं.

बाई आता त्या जुन्या दवाखान्याच्याच वरच्या मजल्यावर राहत होत्या. ऐंशी कधीच ओलांडलेली, मूठभर झालेल्या. सांभाळायला त्यांची भाची नीलाताई. नीलाताईंनी दारातच पाटी-पेन्सिल हातात दिली. "जे बोलायचं ते लिहा. सहा वर्षं झाली, मावशीला कुकरची शिट्टीसुद्धा ऐकू येत नाही."

मी सुनंदाकडं बघून डोळा मारला. म्हटलं, बघ, मी आधीच सांगितलं होतं. सुनंदानं असं बघितलं की रिक्षा असती तर मी परत जाऊन बसलो असतो.

तिनं पाटीवर लिहिलं, 'ही तुमच्या हातची. नववा महिना.' बाईंनी वाचलं, हसल्या आणि प्राजक्ताला दिवाणावर झोपवलं. ती छताकडं बघत पडली. सुनंदा उशाशी, बाईंच्या पाठीमागं. मी पायाशी उभा, त्यामुळं मला बाईंचे हात समोर दिसत होते. हे नीट लक्षात घ्या, कारण पुढचं सगळं ह्यावरच आहे.

बाईंनी उजव्या हाताची पोकळ मूठ केली, लहान मुलं दुर्बीण करतात तशी. ती मूठ पोटावर ठेवली. मुठीवर कान टेकवला आणि मोकळ्या कानात बोट घातलं. हातात नळी नव्हती. काहीच नव्हतं. नुसती मूठ.

आणि मोजायला लागल्या. "ओंदु... एरडु... मूरु... नाल्कु..." मध्येच थांबायच्या, भुवया आवळायच्या, पुन्हा सुरू. दोन तास... नाही, पाच मिनिटं. पण त्या पाच मिनिटांत खालच्या रस्त्यावरचा हॉर्नसुद्धा मला ऐकू आला नाही.

मग सरळ झाल्या आणि बहिरी माणसं बोलतात तसं मोठ्यानं, सपाट आवाजात म्हणाल्या, "ठोका अडखळतोय. आज ने हिला. उद्या नको."

रिक्षात सुनंदा म्हणाली, "अहो, सरळ दवाखान्यात घ्या."

इथं मी गप्प बसलो असतो तर! पण माझ्या पोटात किस्सा मावेना. म्हटलं, "अगं, कान नाहीत, नळी नाही, मुठीतून ऐकते ती! उद्या म्हणेल, पायाच्या अंगठ्यातून बीपी बघते!"

प्राजक्ता म्हणाली, "बाबा, पुरे हां तुमचं. नळी होती. पोटाला गारगार लागली ना मला."

"माझ्यावर गेलीस. फेकायला लागलीस."

ती हसायला लागली. पोट धरून हसली. रिक्षावालाही हसला. मी आणखी दोन पदरचे घालून सांगितले. गुरुवारचा रिपोर्ट उत्तम होता, सोमवारची अपॉइंटमेंट होती. मी म्हटलं, "शनिवारी संध्याकाळी मॅडमना काय सांगायचं? बहिऱ्या बाईला ऐकू आलं म्हणून आलो? लोक तोंडात मारतील." सुनंदानं पुन्हा एकदा म्हटलं, "एकदा दाखवून तर येऊ." पण तोवर प्राजक्ताच म्हणाली, "आई, राहू दे गं, सोमवारी जाणारच आहोत."

आम्ही घरी आलो.

रविवारी अकरा वाजता तिनं ताट बाजूला सारलं. "आई, सकाळपासून हललं नाही गं."

पुढचं मला वाढवता येत नाही. पोटाला पट्टे बांधले, मशीनमधून कागद बाहेर यायला लागला, आणि मॅडमचा चेहरा बदलला. वीस मिनिटांत ऑपरेशन. नाळेचा वेढा होता मानेला. मुलगी झाली. रडली नाही. म्हणजे लगेच रडली नाही. मी लिफ्टशेजारी उभा होतो, आत गाणी वाजत होती, आणि मी कान देऊन एका आवाजाची वाट बघत होतो. फक्त ऐकत होतो. जन्मात पहिल्यांदा.

नातीला काचेच्या पेटीत ठेवलं. जरा वेळानं ऑपरेशनमधली सिस्टर बाहेर आली आणि सुनंदाला म्हणाली, "मावशी, पेशंटच्या पोटावर गोल वळ कसला ओ? काय दाबून ठेवलं होतं का?"

सुनंदा म्हणाली, "बाईंनी काल नळी लावली होती."

"कालची? नळीचा वळ पाच मिनिटांत जातो की. हा तर आत्ता उठल्यासारखा हाय."

दुसऱ्या दिवशी तो मी स्वतः बघितला. प्राजक्तानं पदर बाजूला करून दाखवला. बेंबीच्या डावीकडं, वाटीच्या तोंडाएवढा, एकसारखा गोल. मुठीचा वळ असा उठत नाही, घरी मांडीवर दाबून बघितलंय मी. तिसऱ्या दिवशी गेला तो.

अकरा दिवसांनी नात पेटीतून बाहेर आली. अन्वी नाव ठेवलंय. आता चौदा महिन्यांची आहे. मान धरायला सात महिने लागले. उजवी मूठ अजून पूर्ण उघडत नाही. आठवड्यातून तीनदा व्यायामाला नेतात. मी मॅडमना विचारलं, "शनिवारी आणली असती तर?" त्या चांगल्या आहेत. म्हणाल्या, "काका, तसं सांगता येत नाही." सांगता येत नाही म्हणताना माणूस खाली का बघतो, हे मला कळतं. मीही आयुष्यभर लोकांची तोंडं बघूनच बोललो आहे.

आता मी एखादा किस्सा सुरू केला की प्राजक्ता उठून आत जाते.

गेल्या महिन्यात मी एकटाच बाईंकडं गेलो. आधी नीलाताईंना विचारलं, "ती लाकडी नळी जरा बघायला मिळेल का?"

"कुठली नळी? वाळवी लागली होती तिला. दवाखाना बंद केला त्याच वर्षी मी बंबात घातली."

"मग आम्ही आलो होतो त्या दिवशी..."

"त्या दिवशी मी आत चहा टाकत होते. मला काय माहीत?"

घरी सुनंदाला सांगितलं तर ती म्हणाली, "दुसरी असंल. तुमी नीट बगितलं नसंल." सगळ्यांचं समाधान झालं आहे. मुठीत काही नव्हतं हे बघणारा साक्षीदार एकटा मी, आणि माझी साक्ष रुपयाला चार आणे.

पण मी गेलो होतो दुसऱ्याच कामाला. बाईंसमोर बसलो. चाळीस सीटच्या बसमध्ये शेवटच्या माणसापर्यंत जाणारा माझा आवाज तिथं काही कामाचा नव्हता. पाटी घेतली. लिहिलं, 'मी तो कंडक्टर. बहिऱ्या बाईचा दवाखाना हे नाव मी पाडलं. चुकलो.' एवढंच लिहायला दोनदा पुसावं लागलं.

बाईंनी पाटी डोळ्यांजवळ धरून वाचली आणि माझ्या गुडघ्यावर ठेवली.

"ठाऊक आहे. त्याच बसनं यायचे मी," म्हणाल्या. "तेव्हा मला चांगलं ऐकू येत होतं." मग अगदी सहज म्हणाल्या, "मग एक स्टॉप आधी उतरायला लागले. चालत यायचे." आणि विचारलं, "नात बरी आहे?"

मी मान हलवली.

मंडळी, एक दुरुस्ती राहिली आहे. बाई कधी माझ्या बसमध्ये दिसल्या नाहीत, असं वर लिहिलंय. दिसल्या होत्या. एकदा. पुढून दुसऱ्या सीटवर, मांडीवर काळी बॅग. मी ओळखलं आणि त्या दिवशी जरा जास्तच जोरात ओरडलो.

वळाचं, मुठीचं, अडखळलेल्या ठोक्याचं उत्तर माझ्याकडं नाही. ठार बहिऱ्या माणसाला काय ऐकू आलं आणि कशातून, तुम्हाला कुणाला सुचत असेल तर जरूर लिहा, मी वाचीन. मला मात्र रोज एवढंच दिसतं, की जिला ऐकू येत नव्हतं तिनं ऐकलं आणि आम्ही धडधाकट कानांची माणसं रिक्षात हसत होतो.