शर्ट काढा, भाऊ

सुनंदाताई नसत्या तर माझी लेक आज नसती. त्या एका संस्थेच्या आरोग्यसेविका, आम्ही कामासाठी राहतो त्या कुरुळीत घरोघर फिरायच्या.

आज कंपनीच्या शर्टाला ऑइलचा वास आला आणि असाच शर्ट अंगात होता ती दुपार आठवली. दिवस भरण्याआधीच जन्मलेली लेक गार पडत चालली होती. बायको तापात, आमचं गाव लांब लातूरकडं. आठवीत शाळा सोडलेल्या मला काही सुचेना.

ताईंनी दवाखान्याची गाडी बोलावली. "ती येईपर्यंत शर्ट काढा भाऊ, उघड्या छातीशी धरा हिला, तुमची ऊब लागेल."

"मी? बाप्या माणूस?"

"मग काय मॅनेजरला बोलवू?"

गाडी आली तेव्हा लेकीचे बर्फासारखे पाय कोमट झाले होते. अजूनही शिफ्टला निघताना मी ते चाचपतो.

ताई, भाऊ म्हणालात ना? तुमच्या अडचणीला हा भाऊ एक दिवस नक्की धावून येईल.