स्टुलाच्या कोपऱ्यावरचा हात

"हात बगा, तोंड बगू नका."

आमच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशींचं हे ठरलेलं वाक्य. मुलं शिकायला बसली की त्यांच्या तोंडाकडे बघत राहायची, कारण मावशी बोलायच्या झकास. मग एक चापटी बसायची आणि वर हे वाक्य. तुमच्याही शाळेत अशी कुणीतरी मावशी असेल. घंटेआधी येणारी, सगळ्यांची नावं ठाऊक असलेली, आणि जिचं आडनाव तुम्ही कधी विचारलेलं नसेल. मीही विचारलं नव्हतं.

मी कन्हेरीच्या बाजूला एका शाळेत विज्ञान शिकवतो. आठवीच्या मुलांनी एक प्रकल्प स्वतः निवडायचा आणि स्वतःच तडीस न्यायचा, असं त्या वर्षी वरून आलं होतं. मी मनात सौरचूल धरून बसलो होतो. पण सानिका नावाची मुलगी उठली आणि म्हणाली, "सर, आमच्या बांधावर मल्चिंग पेपर जाळत्यात. धुरानं आजी खोकती. त्याचं काय करता येईल?"

कलिंगडाचं पीक निघालं की वाफ्यांवर अंथरलेला तो प्लॅस्टिकचा कागद, एका बाजूनं काळा, एका बाजूनं चंदेरी, ढिगानं उरतो. मुलांनी तो गोळा करून आणला, हौदावर धुतला, कुंपणावर वाळत घातला. चार दिवस शाळा धोब्याच्या घाटासारखी दिसत होती. पुढे काय करायचं हे मात्र कुणालाच माहीत नव्हतं. मला तर नव्हतंच. मी आपला फळ्यावर पॉलिमरची साखळी काढत होतो.

मावशी खिचडीचं पातेलं घासता घासता हे बघत होत्या. हात पुसून आल्या, एक पट्टी फाडली, मांडीवर ठेवून तळव्यानं सर्रकन वळली. दुसरी जोडली, पुन्हा वळली. बघता बघता हातभर दोर झाला.

"माज्या माहेरी बाजा विणायचे," त्या म्हणाल्या. "तवा अंबाडी हुती. आता ह्ये हाय. पीळ त्योच."

झालं. मोडक्या खोलीत बैठकी गेलेल्या स्टुलांचे आणि खुर्च्यांचे सांगाडे पडले होते. ते विणायचे असं मुलांनीच ठरवलं. रोज जेवणाच्या सुट्टीनंतर मावशी वऱ्हांड्यात बसायच्या आणि भोवती पोरांचं कोंडाळं. "आरं, ह्यो पीळ हाय का म्हातारीचा आंबाडा?" असं म्हणून कुणाचाही दोर उलगडून टाकायच्या. पोरं हिरमुसायची. मग म्हणायच्या, "उसवायची लाज धरायची न्हाय. चुकलं तितनं उसवायचं."

पहिलं स्टूल झाल्यावर उद्घाटनाचा मान मला मिळाला. मी ऐटीत बसलो तो थेट आत. पाय वर, बाकीचा मी खाली. वर्ग हसून लोटपोट झाला. मावशींनी मला हात देऊन बाहेर काढलं आणि अगदी गंभीरपणे म्हणाल्या, "सर, बसणाऱ्याचीबी थोडी चूक असती." पुढचे दोन दिवस त्यांनी ते सगळं स्टूल उसवून मुलांकडून पुन्हा विणून घेतलं. आता त्यावर कुणीही बसावं, असं झालं.

इथपर्यंत सगळं चांगलं आहे. आता माझं सांगतो.

इंदापूरला तालुक्याचं प्रदर्शन होतं. अर्जावर 'मार्गदर्शक शिक्षक' अशी एक ओळ होती. तिथे मी माझं नाव लिहिलं. ज्याला एक वीतभर दोर वळता येत नव्हता, त्याचं. मुलांनी तक्ता रंगवला होता आणि खाली सानिकानं ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, 'आम्हाला शिकवलं : मावशी'. मी म्हणालो, "बाहेरच्या माणसाची मदत दिसली तर नंबर जाईल." असा काही नियम नव्हता. मी त्या ओळीवर पांढरा कागद चिकटवला. सगळा प्रकल्प मुलांनी ठरवलेला, एवढी एकच गोष्ट मी ठरवली.

मावशी मुलींच्या सोबतीला म्हणून एसटीनं आमच्याबरोबर आल्या. घडीचं जांभळं लुगडं नेसून, हातात डब्यांची पिशवी. तक्त्यासमोर त्या क्षणभर थांबल्या. त्यांना वाचता येत होतं की नाही, हे मला आजही माहीत नाही. पांढरा कागद मात्र कुणालाही दिसला असता.

परीक्षक बाई आल्या. स्टूल दाबून बघितलं, बोटं फिरवली आणि सानिकाला विचारलं, "सुंदर आहे गं. कोणी शिकवलं?"

मी तिला उत्तर पाठ करून दिलं होतं. तिनं खाली बघितलं आणि मग मागे वळून मावशींकडे. बाईंची नजरही तिकडे गेली. "तुम्ही का?"

मला फक्त "होय" म्हणायचं होतं. एक शब्द. मी तक्त्याची कड सरळ करत राहिलो.

मावशींनी माझ्याकडे एकदा बघितलं. मग हसून पिशवी वर केली. "मी व्हय? मी डबं घिऊन आलीया. मला काय येतंय! सरांनीच शिकवलं पोरींस्नी."

मी त्यांच्या तोंडाकडे बघू शकलो नाही. हात बघत राहिलो. तळव्यावर पीळ देऊन देऊन पडलेले घट्टे होते.

आमचा पहिला नंबर आला. परतीच्या एसटीत सानिका माझ्या शेजारी बसली नाही. मावशींनी मागून शेंगदाण्याची पुडी पुढे केली. "सर, सकाळपासनं काय बी खाल्लं न्हाय तुमी." मी ते दाणे खाल्ले. त्याची मला आजही लाज वाटते.

बारामतीच्या एका पेपरला फोटो पाठवायचा होता. फोटोत मुलं, मी, स्टूल आणि कडेला मावशी. स्टूल जरा डुगडुगत होतं म्हणून त्यांनी कोपरा धरला होता. मोबाइलवर बोट सरकवून मी कड कापली. हात तेवढा स्टुलावर राहिला. तो कापायचा तर स्टूलही कापलं गेलं असतं.

पुढच्या वर्षी गुडघे दुखायला लागले म्हणून मावशी काम सोडून इंदापूरच्या पुढे लेकीकडे गेल्या. त्या वाटेनं मी कितीदा गेलो, उतरलो नाही. जायचं, सांगायचं, असं दर वेळी ठरवायचो. गेल्या उन्हाळ्यात त्या गेल्याचा निरोप आला. दहाव्यालाही धीर झाला नाही. पंधरा दिवसांनी गेलो.

लेकीनं चहा ठेवला. मला बघून तिला आनंदच झाला. "तुमीच व्हय ते सर!" म्हणत ती आत गेली आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं एक कात्रण घेऊन आली.

"आई येईल त्याला दाखवायची," ती म्हणाली. "ह्यो बगा, म्हनायची, ह्यो माजा हात. फोटू काडणाऱ्याला जागा पुरली न्हाय, न्हायतर मीबी आली असती."

मी कात्रण हातात घेतलं. जागा पुरली होती, हे तिला सांगायला तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. मावशींनी मरेपर्यंत माझी बाजू सांभाळली होती, आणि मी अजून गप्पच होतो. चहा पिऊन झाल्यावर मी निघालो. लेक मला एसटीपर्यंत सोडायला आली.