तीन इंची नळी आणि ओर्लीनचं घर

ओर्लीन स्टॅम्पर माझी शेजारीण. शेजारीण म्हणजे आमच्या पूर्व केंटकीत असते तशी. तिचं घर दरीच्या वरच्या टोकाला, माझं खालच्या टोकाला, आणि मध्ये ओढा व दाट झाडी. मला लिहायची सवय नाही. पण तिच्याबद्दल दुसऱ्या कुणी लिहिलं नाही, म्हणून जे पाहिलं ते लिहितो.

नवरा गेल्यावर ती एकटीच राहत होती. कोंबड्या, बटाट्याचं वावर, रविवारी चर्च. एका हिवाळ्यात ती चर्चला गेली असताना कुणीतरी मागचं दार फोडून नवऱ्याच्या उरलेल्या वेदनाशामक गोळ्या पळवल्या. शेरीफची गाडी पोहोचेपर्यंत तिने फुटलेल्या काचा झाडून जेवणही उरकलं होतं. दुसऱ्या दिवशी लेक्सिंग्टनहून मुलगा रँडल आला. मी तेव्हा दाराला फळ्या ठोकत होतो.

"आई, बस झालं आता. घर विकू या, तू माझ्याकडे चल."

"तुझ्याकडे? खिडकीत बसून दिवसभर लोकांच्या गाड्या मोजू?"

"आणि इथे तो चोर परत आला तर काय करशील? झाडू मारशील?"

"बंदूक घेईन जवळ."

रँडल हसला. तिला ते हसणं लागलं. हल्ली आमच्याकडे बंदूक झाकून बाळगायला परवाना सक्तीचा नाही, पण रँडल हट्टाला पेटला. म्हणाला, "परवान्याचा वर्ग कर. नेमबाजीत पहिल्याच खेपेला पास झालीस तर राहा इथे, मी परत विषय काढणार नाही. नापास झालीस तर वसंतात घर विकायचं."

"टाळी दे," ओर्लीन म्हणाली.

तिचा दीर डेलबर्ट याचं बंदुकांचं दुकान आहे. आमच्या भागात एक न बोललेला नियम आहे: बाई बंदूक घ्यायला आली की पुरुषाने तिच्यासाठी दुकानातली सगळ्यात छोटी, सगळ्यात हलकी निवडायची. छोटा हात, छोटं हत्यार. डेलबर्टने मोठ्या प्रेमाने दोन इंची नळीचं रिव्हॉल्वर काढलं. पाच गोळ्यांचं, वजनाला पिसासारखं, मूठ गुलाबी.

"वहिनी, खास तुझ्यासाठी ठेवलं होतं."

"मूठ अशी कशी रे? हे पोरीच्या बाहुलीचं आहे का?"

दुकानामागे मातीचा बांध आहे. तिथे कॉफीचा रिकामा डबा ठेवून ती उभी राहिली. पहिली गोळी सुटली आणि तिचा हात जवळजवळ कपाळापर्यंत गेला. हलकं हत्यार सगळा झटका हातालाच देतं, आणि तिच्या बोटांना संधिवात. दुसऱ्या गोळीला तिने आधीच डोळे मिटले. पाचही गोळ्या झाल्या, डबा जागेवर.

"सवय होईल," डेलबर्ट म्हणाला.

"कधी? मी मेल्यावर?"

आठवडाभर ती रोज गेली. डब्याला दोनदा लागलं, त्यातही एकदा दगडावरून उडून. अंगठ्याच्या मुळाशी काळंनिळं झालं. मी गाडीतून घरी सोडताना ती नुसती डोंगराकडे बघत राहिली. घर हातातून चाललं होतं, आणि ते आम्हा दोघांनाही दिसत होतं.

पुढच्या खेपेला ती थेट काचेच्या कपाटासमोर उभी राहिली. "ते काय आहे? मागचं?"

"ते सोड. तीन इंची नळी, सगळं पोलादी. कुणीतरी नवं घेताना बदल्यात देऊन गेलंय. धड इकडचं ना तिकडचं. झाकायला मोठं, मिरवायला लहान. कोणी घेत नाही."

"दे इकडे."

तिने ते हातात तोललं. वजन पुढे होतं, नळीच्या टोकाकडे. नेम धरायच्या दोन खुणांमधलं अंतरही वाढलं होतं, त्यामुळे हात जरा हलला की डोळ्यांना लगेच कळायचं. बांधापाशी तिने पाच गोळ्या सावकाश झाडल्या. चौथ्या गोळीला डबा उडाला, पाचवीला पडलेला डबा आणखी लांब लोळला.

"अगंबाई," ती स्वतःशीच म्हणाली.

डेलबर्टला मात्र ते पटेना. "नेम ठीक आहे वहिनी, पण बाळगणार कुठे? एवढी नळी कपड्यातून दिसणार. चर्चमधल्या आंधळ्यालाही कळेल."

"पैज?"

"पैज!"

शनिवारी अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये घेवड्याच्या आमटीचं जेवण होतं. डेलबर्टने टेबलाटेबलावर जाऊन जाहीर केलं, "आज इथे कोणीतरी कमरेला रिकामं रिव्हॉल्वर लावून आलंय. ओळखेल त्याला माझ्याकडून अख्खा अ‍ॅपल पाय, सफरचंदाचं सारण भरून भाजलेला. कुणी ओळखलं नाही तर तो लावणाऱ्याचा."

झालं. सगळे पुरुष एकमेकांच्या पोटाकडे टक लावून बसले. त्यांचा संशय गेला पाद्रीबाबांवर, कारण ते घट्ट जाकीट घालून आले होते. शेवटी एकाने धीर करून ते वर केलंच. आत पट्ट्याला इन्सुलिनचा पंप.

"आता समाधान झालं का लेकरांनो?" पाद्रीबाबा म्हणाले.

या सगळ्या वेळात ओर्लीन स्वेटर घालून मक्याची पोळी वाढत फिरत होती, खालच्या ओव्हनमधून वाकून ताटं काढत होती. घरी तिने दोन इंची लावूनही वाकून पाहिलं होतं. त्याची नळी आखूड, आत धरायला काही नाही, त्यामुळे वाकलं की मूठ बाहेर कलंडायची आणि स्वेटरला टेंगूळ यायचं. तीन इंचीची लांब नळी स्कर्टच्या आत मांडीशी टेकायची आणि मूठ अंगाला चिकटून राहायची.

जेवण संपल्यावर तिने डेलबर्टसमोर जाऊन स्वेटरची कड उचलली.

"आण माझा अ‍ॅपल पाय."

डेलबर्ट एवढ्यांदा हसला की त्याला ठसका लागला. "अरे, तो अ‍ॅपल पाय काढा रे कोणीतरी! वहिनीने लुटलं मला!"

परीक्षेच्या दिवशी तिला मीच घेऊन गेलो. रँडल आधीच येऊन उभा होता, हात खिशात. एकवीस फुटांवर कागदी माणूस टांगलेला. वीस गोळ्या, त्यातल्या अकरा लागल्या पाहिजेत. शेजारच्या दोन धिप्पाड तरुणांकडे मोठी पिस्तुलं होती. त्यातला एक तिच्याकडे बघून म्हणाला, "आजी, ते चालतं तरी का?"

"माझ्याआधी तुझंच अडकेल," ती म्हणाली.

पहिलीच गोळी कागदाच्या बाहेर गेली. रँडलने मान खाली घातली. तिने रिव्हॉल्वर खाली घेतलं, बोटं एकदा उघडली, मिटली, आणि परत वर केलं. त्यानंतर ती कुणाची वाट पाहत थांबली नाही. झाडायची, रिकामी काडतुसं पाडायची, नवी भरायची, परत झाडायची.

प्रशिक्षकाने कागद काढून आणला आणि एकेका छिद्रावर बोट ठेवत ती मोजली. मग पुन्हा मोजली. "एकोणीस," तो म्हणाला. "आज सकाळपासून सगळ्यात जास्त तुमच्याच लागल्या, बाई."

रँडल पुढे झाला आणि त्याने आईला घट्ट मिठी मारली. मग म्हणाला, "बरं. जिंकलीस तू. आता काय?"

"आता घरी चल. कुंपणाचे दोन खांब पडलेत, संध्याकाळपर्यंत उभे करून दे. आणि पेरायचे बटाटे आणायचे आहेत, या वर्षी दोन ओळी जास्त लावणार आहे मी."

आणि तो निमूटपणे तिच्यामागून चालू लागला.