फिटरने घातलेले टाके

पंपाच्या कारखान्यात चौतीस वर्षं फिटर म्हणून काढलेल्या माणसाचा हात हलका असेल, अशी अपेक्षा कुणी धरू नये. त्याने आवळलेला नट दुसऱ्या कुणाच्या बापाला सुटत नसे, आणि निवृत्त झाल्यावरही त्याला याचा भारी अभिमान. घरातल्या बरण्यांची झाकणंसुद्धा तो तशीच लावायचा. त्यावरून बायकोने जन्मभर त्याचा उद्धार केला होता.

त्या बायकोचा उजवा हात सहा महिन्यांपूर्वी अर्धांगाच्या झटक्यात गेला. बोलणं परत आलं, काठी टेकत चालणंही आलं, हात तेवढा मांडीवर पडून राहिला. नात्यागोत्यातलं एक बाळ तिने विणलेल्या टोपड्याशिवाय राहिलं नव्हतं. तिने लोकरीची पिशवी माळ्यावर टाकायला लावली आणि खिडकीशी बसून राहू लागली. काही विचारलं तर हो किंवा नाही, एवढंच. घर खायला उठायचं.

अशात लेकीला दिवस राहिले. टोपड्याचा विषय फोनवर निघालाच.

"विकत आण," आई म्हणाली आणि फोन नवऱ्याच्या हातात दिला.

फिटरला ते फार लागलं. टोपडी दुकानात ढिगाने मिळतात, ते त्यालाही कळत होतं. पण हे टोपडं विकत आलं, तर ही बाई खिडकीपासून पुन्हा उठणार नाही, अशी त्याला धास्ती वाटली. दुसऱ्या दिवशी त्याने पिशवी खाली काढली.

"मला शिकव."

"तुम्हाला?"

"एवढे पंप जोडले, टोपडं काय मोठं!"

मोठंच होतं. ती खुर्चीतून सांगायची, "डाव्या अंगठ्यावर धागा घ्या. सुई खालून घाला. आता ओढा. हळू! अहो, हळू!" पण ओढ म्हटल्यावर हळू ओढणं त्याला ठाऊकच नव्हतं. टाके सुईला असे आवळून बसले, की दुसरी सुई आत शिरेना. त्याने जोर लावला, तर सुईच वाकली. एकदा टाके जरा बरे पडत होते, तर एक्केचाळिसाव्याला टाक्यांसाठी सुरुवातीला सोडलेलं धाग्याचं शेपूट संपलं; हवे होते साठ. रोज घालायचे, रोज उसवायचे. लोकर पिंजून निघाली.

आठव्या दिवशी तिचा धीर सुटला.

"राहू द्या. माझा हात गेला. तुमचा तर कधी नव्हताच."

एवढं बोलून तिने तोंड फिरवलं. फिटर सुया घेऊन स्वयंपाकघरात जाऊन बसला. वय सदुसष्ट, आणि डोळे भरून आले. समोर बरण्या होत्या, सगळी झाकणं घट्ट. बघता बघता त्याला कारखाना आठवला. दोन भागांत बारीक फट ठेवायची असली, की मधे पत्र्याची पट्टी घालायची, नट हवा तेवढा आवळायचा आणि मग पट्टी ओढून घ्यायची. फट राहते. हात हलका असायची गरजच काय?

त्याने दोन सुया एकत्र धरल्या आणि दोन्हींवरून टाके घातले, आपल्या नेहमीच्या जोराने, मोजून साठ. मग एक सुई हळूच ओढून घेतली. टाके दुसरीवर सैल होऊन बसले.

त्याने ते तिच्यापुढे धरले. तिने डाव्या बोटाने एकेक टाका सरकवून पाहिला.

"हे कुणी शिकवलं?"

"कारखान्याने. पट्टी घालायची, आवळायचं, पट्टी काढायची."

"म्हणजे आवळलंतच!"

"आवळलं."

"सुंभ जळेल, पण पीळ जायचा नाही," ती म्हणाली आणि हसली. सहा महिन्यांत पहिल्यांदा. ओठ एकाच बाजूने वर गेला, पण हसू तिचंच होतं. फिटर तिच्याकडे बघत उभा राहिला.

"उभे काय राहिलात? स्टूल घ्या. तिकडे नाही, या बाजूला, माझ्या उजवीकडे."

तो बसला. तिने टाक्यांची सुई डाव्या हातात घट्ट धरली आणि त्याच्यापुढे केली.

"ही माझी. दुसरी तुम्ही धरा."