दिवे वाढवा

नवरदेवाची गाडी फाटकात आडवी उभी होती आणि पुढचे दिवे चालू होते. वरातीत शोभेसाठी लावले, मग विसरले. उन्हात चालू दिवा दिसत नाही. मी दिव्याच्या काचेवर पंजा आडवा धरते, सावलीत उजेड कळतो. लाईट चालू ठेवून उतरलं की नव्या गाड्या पीं पीं करतात, पण डीजेपुढे ते कोणाला ऐकू येणार?

हिंगणघाटजवळच्या एका मंगल कार्यालयात मी पार्किंग सांभाळते. त्या दिवशीच्या नवरीचा दुपारी वर्ध्याला नर्सिंगचा पेपर होता, शेवटच्या वर्षाचा. सकाळीच ती मला सांगून गेली होती, "मावशी, नवरदेवाची गाडी फाटकातच राहू देजा. अक्षता पडल्या का मी निंगतो." सासरच्यांनीही हो म्हटलं होतं. पण वरात नाचतच राहिली आणि मुहूर्त टळला.

गाडीला कुलूप. चावी नवरदेवाच्या मामाकडे, मामा स्टेजवर. मी मॅनेजरकडे गेले.

"साहेब, माईकवर सांगा, गाडीचे दिवे बंद करा म्हणा. बॅटरी बसन."

"मावशे, अंतरपाट धरला आहे. अशा वेळी दिवे बंद करा म्हणू? मार खाऊ घालतं का मले?"

आमच्याकडे शुभकार्यात तसं बोलत नाहीत. नारळ वाढवतात, बांगडी वाढवतात, तसा दिवाही वाढवतात, म्हणजे विझवतात. मॅनेजरनं मंगलाष्टकाच्या मध्ये गोड आवाजात सांगितलं, "वरपक्षानं गाडीचे दिवे वाढवावेत."

मामा धावत आला. त्याला वाटलं, व्हिडिओवाल्याला उजेड पाहिजे. त्यानं मोठे दिवे लावले, खालचे पिवळे लावले, चारही इंडिकेटर लावले.

"अहो, बंद करा!"

"माईकवर वाढवा म्हणून राह्यले अन् तू बंद म्हणतं. मालक तू आहे का?"

गाडी लॉक करून तो परत अक्षता टाकायला गेला. मी पुन्हा मॅनेजरकडे गेले. तो म्हणाला, "सांगतलं ना एकदा."

अक्षता पडल्या. नवरी शालूवरच पळत आली, हातात हॉलतिकीट. मामानं बटण दाबलं. टक टक. पुन्हा टक टक. दिवे पिवळे पडले आणि गेले.

अशा वेळी जंपर लागतो. म्हणजे दोन जाड वायरी. दुसऱ्या गाडीच्या बॅटरीचा करंट घेऊन बंद गाडी चालू करतात. मी मॅनेजरकडे कितीदा मागितल्या होत्या. आलेल्या पाहुण्यांपैकीही कोणाकडे नव्हत्या. ढकलायला गेले तर गाडी ऑटोमॅटिक, बॅटरीशिवाय गिअर सुटेना. तिच्यामागे सगळ्या गाड्या अडकलेल्या.

नवरीच्या भावानं फाटकाबाहेरची मोटारसायकल चालू केली. "बस ताई."

सासरा आडवा आला. "लग्नाच्या दिवशी सून फटफटीवर? लोकं हासतीन आमाले."

"बाबूजी, वर्षभर अभ्यास केला मी."

"पेपर काय, पुढच्या साली येते. गाडीच नाई म्हणते तं जाऊ नये, असंच असन."

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. तो मेकॅनिकला फोन लावत होता. वडिलांकडे पाहिलं. ते चपला शोधू लागले. भावानं मोटारसायकल बंद केली.

मेकॅनिक आला. वायर लावताच गाडी एका झटक्यात चालू झाली. तोवर वर्ध्याचं परीक्षेचं दार लागलं होतं. नवरी त्याच गाडीत बसून सासरी गेली. जाताना तिनं काच खाली केली. "मावशी, माईकवर सांगतलं तं होतं ना?"

मी म्हटलं, "सांगतलं होतं बाई. नीट नाई सांगतलं."

मॅनेजर नंतर माझ्यावरच खेकसला, की मी जोर द्यायला पाहिजे होता.

आता फाटकाच्या खिळ्याला जंपर टांगलेला असतो. गाडी लागली की मी आधी काचेवर पंजा धरते, आणि दिवा चालू असला तर मंगलाष्टक चालू असो की काही असो, मांडवात जाऊन ओरडते, "लाईट बंद करा!" बायका तोंडाला पदर लावतात, अशुभ बोलली म्हणतात. म्हणू दे. अशुभ कसं दिसतं ते मी त्या फाटकात पाहिलं आहे.