वाळूभाऊची नजर आणि दोन डोळ्यांचं भांडण

सिल्वासात सुताच्या कंपन्या किती, ते मोजत बसू नये. नजर मात्र एकच, आमच्या वाळूची. माझा धाकटा भाऊ आहे म्हणून सांगणं नाही हे. कुणालाही विचारा.

वाळू चोपड्याकडचा. बावीस वर्षांपूर्वी पिशवी घेऊन आला, आता सामरवरणीत दोन खोल्या आहेत, बायको कमळाबाई आहे. शिक्षण सातवी. पण काम असं, की पुण्याचे इंजिनियर त्याच्या मागे हाताची घडी घालून उभे राहायचे. कंपनीत बॉबिनवर सूत गुंडाळून येतं. प्रत्येक बॉबिनचं थोडं थोडं सूत घेऊन एक लांबलचक मोजा विणतात. पाय घालायचा नव्हे, नुसता अजगरासारखा लांब. तो निळ्या रंगात उकळायचा. सूत चांगलं असेल तर मोजा इथून तिथून सारखा निळा. एखादं बॉबिन बिघडलेलं असेल तर तेवढ्यावर गडद नाहीतर फिकट पट्टा. तो पट्टा हुडकायचा आणि ते बॉबिन बाहेर काढायचं. ट्यूबलाईटखालचं ते टेबल वाळूचं.

एकदा रांध्याला लग्नात मंगलाष्टकं चालू असताना वाळू मोठ्यानं बोलला, "नवरदेवाची डावी बाही दुसऱ्या ताग्यातली हाये." नवरदेवानं कोट काढला, उन्हात धरला. निघाली ना दुसऱ्या ताग्यातली! मुहूर्त टळला, शिंप्याला लोकांनी घेरलं, पण नजर म्हणजे नजर.

अशा माणसाला गेल्या वर्षापासून सगळं मळकट दिसायला लागलं. आता दुसरा कुणी म्हणाला असता, माझे डोळे गेले. वाळू म्हणाला, ट्यूबलाईट गेल्या. इलेक्ट्रिशियननं तीनदा बदलल्या. चौथ्यांदा तो शिडी घेऊन आला आणि म्हणाला, "काका, हवे सूरज बदलवानो बाकी छे." म्हणजे आता सूर्यच तेवढा बदलायचा राहिलाय. वाळूनं त्याला सांगितलं, "तो पण बघून घे."

घरी त्याहून मजा. "कमळा, सदरे पिवळे पडून राहिले. नीळ घाल." कमळाबाईनं नीळ घातली. "अजून घाल." अजून घातली. दिवाळीपर्यंत त्याचे सगळे पांढरे सदरे आकाशासारखे निळेशार झाले, तेव्हा कुठं तो आरशासमोर उभा राहून म्हणाला, "आता कसं दुधासारखं!"

कमळाबाई म्हणाली, "अहो, दूध कोणत्या म्हशीचं?"

त्याला वाटलं कौतुक करतेय.

मग एक दिवस भिवंडीहून कापडाचा तागा परत आला. पसरला तर झेब्रा. वाळूनं पास केलेल्या सुताचा. मॅनेजर हृषीकेश साहेब, माणूस पुण्याचा, आवाज कधी चढवायचा नाही. डोक्यावरून हात फिरवत म्हणाले, "वाळूभाऊ, तुमच्यावर अविश्वास नाही. पण डोळे दाखवून या. तोवर टेबलावर तुमच्या हाताखालची ज्योती बसेल. बरे झालात की चाळीस बॉबिनचा मोजा समोर ठेवीन. बिघडलेली बरोबर शोधलीत तर टेबल तुमचं. नाहीतर पॅकिंगला जा, तिथे नजर लागत नाही."

नजर लागत नाही! वाळूला थोबाडीत मारली असती तरी चाललं असतं. टेबल गेलं तर वाळूकडं उरलं काय? सातवीचा दाखला आणि निळे सदरे.

तरी तो लगेच डॉक्टरकडं गेला नाही. थोरल्या भावानं गावाहून फोनवर सांगितलं होतं, "मोतीबिंदू असंल तर पिकू दे, कच्चा काढू नको." हा सल्ला चुकला, कबूल. पण दिला मायेनं, आणि असा खणखणीत की शेजारच्यांनीही पाळला असता. वर एक थेंबांची बाटलीही पाठवली, बाजारातल्या माणसानं शपथेवर दिलेली, मोतीबिंदू विरघळवणारी. शेवटी कमळाबाईच त्याला दवाखान्यात घेऊन गेली.

डॉक्टर शैलजा मॅडमनी थेंब टाकून, बाहुल्या मोठ्या करून दोन्ही डोळे तपासले. म्हणाल्या, "दोन्हीकडे मोतीबिंदू आहे, काका."

"पिकू देऊ का अजून?"

"केळी आहेत का ती? पूर्वी थांबायचे, कारण तेव्हा शस्त्रक्रियाच तशी होती. आता कामात अडचण यायला लागली की करायची. फार पिकला तर कडक होतो, काढायला त्रास."

वाळूनं खिशातून बाटली काढली. "ह्यानं विरघळत नाही का?"

"नाही. कुठल्याच थेंबानं विरघळत नाही."

"मग वरचा पडदा खरवडून काढता?"

"पडदा नसतोच वर. बुबुळाच्या मागं आपलं एक भिंग असतं, काचेसारखं स्वच्छ. वयानं ते गढूळ होतं, पिवळट पडतं. पिवळ्या काचेतून बघितल्यावर सगळ्यात आधी काय बिघडतं, माहितीये? निळ्याची पारख."

वाळू खुर्चीतच ताठ झाला. आयुष्यभर निळे मोजे बघितले, आणि गद्दारी केली कुणी, तर घरच्याच भिंगानं!

"म्हणून नीळ!" कमळाबाई म्हणाली. "मॅडम, माझी दोन बादल्या नीळ ह्या भिंगात गेली."

मग मॅडमनी कागदावर चित्र काढून समजावलं. एक पद्धत फेकोची, म्हणजे अगदी बारीक छेद घ्यायचा, आत सुई घालून कंपनांनी भिंगाचा चुरा करायचा आणि ओढून घ्यायचा. मग घडी केलेली नवी लेन्स त्याच छेदातून आत सरकवायची, ती आत जाऊन उलगडते. दुसरीत छेद जरा मोठा, गढूळ भिंग अख्खं बाहेर. तीही चांगली, बहुतेकदा टाका लागत नाही, फार कडक झालेल्या मोतीबिंदूला बरी पडते. तिसरीत छेद न् पहिले तुकडे लेसर करतो, पुढं मशीन तेच.

"सगळ्यात भारी जे असंल ते टाका," वाळू म्हणाला. "आणि लेन्स तर लांबचं, जवळचं, मधलं, सगळं दिसणारी."

"तशी मिळते. पण तिच्यात रंगांचा बारीक फरक थोडा दबू शकतो, दिव्याभोवती गोल दिसतात. तुमचं काम कसलं?"

वाळूनं काम सांगितलं. बाही, नवरदेव, सगळं सांगितलं. बाहेर रांग वाढली.

मॅडम म्हणाल्या, "मग तुम्हाला साधी, एका अंतराची लेन्स. लांबचं स्वच्छ दिसेल, जवळच्याला चष्मा लावा. भारी तेच सगळ्यांना बरं असं नसतं. फेको करू. आधी उजवा, महिन्यानं डावा."

ऑपरेशनच्या दिवशी थेंब टाकून डोळा बधिर केला. माणूस जागाच असतो, फक्त हलायचं न् बोलायचं नाही. हलायचं नाही हे वाळूला जमलं. तोंडावर कापड घालताच म्हणाला, "मॅडम, हे हिरवं कापड आणि त्या ट्रेवरचं हिरवं कापड, दोन लॉट हायेत."

"काका, गप्प."

"गप्पच हाये. नुसतं तुमच्या कानावर घातलं."

"आता बोललात तर त्या ट्रेवरचं कापड तुमच्या तोंडात घालीन."

पंधरा-वीस मिनिटं गप्प राहिला बिचारा. त्याच्या हयातीत एवढं मौन नाही.

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. वाळूनं भिंत बघितली आणि हबकला. भिंत एवढी पांढरी असते? मग स्वतःच्या सदऱ्याकडं नजर गेली. सदरा निळा! घरी येऊन कपाट उघडलं. सगळे निळे!

"कमळा, हे काय केलं?"

"तुम्हीच म्हणाला, दुधासारखं."

"मी वर्षभर असा फिरलो? कुणी बोललं कसं नाही?"

"लोकांना वाटलं कंपनीनं युनिफॉर्म बदलला."

दोन-तीन आठवडे धूळ नाही, डोळ्यात पाणी नाही, थेंब वेळेवर, सगळं पथ्य पाळलं त्यानं. पण डाव्या डोळ्याची तारीख यायला दहा दिवस असताना राहवेना. मॅडमनी सांगितलं होतं, दोन्ही होऊ दे, मग चष्म्याचा नंबर, मग परीक्षा. पण टेबलावर ज्योती बसलेली त्याला उजव्या डोळ्यानं फारच स्वच्छ दिसायला लागली. सरळ हृषीकेश साहेबांपुढं उभा राहिला. "आणा तुमचा मोजा."

साहेबांनी मोजा ठेवला. चाळीस बॉबिन, बिघडलेली किती ते साहेबांच्या चिठ्ठीत. मशीनवरचा गोकुळ, धुळ्याचा, मुद्दाम बघायला आला.

वाळूनं उजव्या डोळ्यानं बघितलं. निळं म्हणजे इतकं निळं, की अंगावर आलं. "फेल." पुढचं. "फेल." मग डावा उघडून बघितलं. तेच सूत हिरवट, शेवाळल्यासारखं. "हे बी फेल, पण दुसऱ्या कारणानं."

गोकुळ म्हणाला, "वाळूभाऊ, उजवा म्हणतो निळं, डावा म्हणतो हिरवं. आता मतदान घ्यायचं काय?"

"तू मशीन बघ, भो."

वाळूनं डाव्यावर रुमाल बांधला. मग उजव्यावर बांधला. मग घाम पुसायला रुमाल सोडला. अर्ध्या तासात चाळीसच्या चाळीस बॉबिन नापास. आणि वर ज्योतीची ओढणी पण नापास.

साहेबांनी चिठ्ठी उघडली. तीन.

कुणी हसलं नाही, तेच जास्त लागलं. वाळूनं रुमालाची घडी केली, खिशात ठेवली आणि कुणी न सांगता पॅकिंगकडं चालायला लागला. रिक्षावाल्याशी आठ आण्यासाठी दमणपर्यंत भांडत जाणारा माणूस हा. त्या दिवशी निमूट खोके उचलत राहिला.

पण नजर जाते कुठं? पॅकिंगला तरी ती एका डोळ्यात होतीच. दुसऱ्याच दिवशी त्यानं खोके अडवायला सुरुवात केली. हे लेबल तिरपं. ह्या चिकटपट्टीत बुडबुडा. ह्या खोक्याचा खाकी त्या खोक्याच्या खाकीपेक्षा फिका. संध्याकाळपर्यंत गाडी रिकामी उभी, ड्रायव्हर त्यातच झोपला. आठव्या दिवशी पॅकिंगची सगळी माणसं सरुबाईला पुढं घालून साहेबांकडं गेली. सरुबाई पॅकिंगमधली सगळ्यात जुनी, साहेबालाही "पोरा" म्हणणारी.

"पोरा, ह्या माणसाचा दुसरा डोळा लवकर कर. आणि टेबल दे परत. तिथं फक्त सूत नापास करतो. इथं माझ्या टिकलीचा रंग नापास केला."

"पण सरुबाई, परीक्षा..."

"अजून एक घे! दोन घे! पण आमच्यात नको."

डावा डोळा ठरल्या तारखेला झाला. या वेळी वाळू ऑपरेशनच्या टेबलावर एक शब्द बोलला नाही. मॅडमनाच चुकल्यासारखं वाटलं, म्हणाल्या, "काका, बरे आहात ना?" महिन्यानं जवळचा चष्मा आला. दोन्ही डोळे आता एकच बोलायला लागले. निळं ते निळं.

साहेबांनी नवा मोजा ठेवला, पुन्हा चाळीस. पॅकिंगची माणसं दारात देव पाण्यात घालून उभी. वाळूनं मोजा हातावर घेतला, हळूहळू सरकवला. सात नंबर, बाहेर. एकोणीस, बाहेर. चौतीस, बाहेर. साहेबांनी हातातली चिठ्ठी उघडली. तीनच होती त्यात. दारात सरुबाईनं हात जोडले.

"थांबा," वाळू म्हणाला. "चौथा हाये."

"चौथा नाही, वाळूभाऊ."

"हाये. अडतीसवर. बारीक काळा."

साहेबांनी चिठ्ठी दोनदा वाचली. ज्योतीनं मोजा रंग तपासायच्या मशीनखाली नेला, मशीन म्हणालं अडतीस चांगलं. गोकुळ पुटपुटला, "गेलं टेबल." वाळूनं चष्मा नाकावर ओढला, अडतीस नंबरवर वाकला, बराच वेळ बघितलं. मग दोन बोटांत हलकेच काहीतरी उचललं आणि साहेबांपुढं धरलं.

"साहेब, पट्टा नाही. हा तुमचा केस."

साहेबांचा हात आपोआप डोक्यावर गेला. "टेबल घ्या, वाळूभाऊ," ते घाईनं म्हणाले. "आत्ता घ्या. पण माझ्याकडं इतकं निरखून बघू नका."

वाळू बसला आणि केसावर फुंकर मारून म्हणाला, "अजून दोन पडायला आलेत."