मोड आलेली मटकी

खिचडीत मी मीठ घातलंच नव्हतं! घसा सुकेस्तोवर सांगितलं, कोणाला पटलं नाही. गास गावाजवळच्या एका शाळेत मी पोरांची खिचडी शिजवायची. शाळेतले किस्से टोपाच्या बुडाला लागलेल्या भातासारखे. खरवडाल तेवढे निघतात. हसायचं तर हसा. मला हसू येत नाही.

*

हेडमास्तर मोहिते सर घाटावरचे. एक घास खाल्ला आणि ताट सारलं. "मावशी, मिठाचं पोतं ओतलंत काय?"

"चिमूटभरही नाही, सर. शाळेच्या विहिरीचं पानी खारं झालंय."

"पानी नाही, पाणी! आधी बोलायला शिका."

तेव्हापासून मी मुद्दाम पानीच म्हणते.

*

सर आणि चौथीच्या देसले बाई विरारहून यायचे, आपापली बाटली भरून. पोरांना मात्र तीच विहीर. पोरांची पोटं दुखायची, पोरं घरी पळायची.

सर म्हणायचे, "पाढे विचारले की बरं पोट दुखतं!"

*

देसले बाई विज्ञान घोकून घ्यायच्या. "पाण्याला रंग नसतो, वास नसतो, चव नसते. म्हणा!"

सगळा वर्ग ओरडला. केळीच्या वाडीवाल्यांची रेजिना तेवढी उठून उभी राहिली. "बाई, आपल्या विहिरीच्या पान्याला चव हाय."

"पेपरात असं लिहिलंस तर मार्क जातील!"

रेजिना बसली. पण गप्प नाही बसली.

*

मग आला मटकीचा प्रयोग. ओल्या कापसावर मटकी ठेवायची, मोड बघायचे. फळ्यावर निष्कर्ष पहिल्याच दिवशी लिहिलेला: मोड आले. इकडे विहिरीच्या पान्यात मटकी कुजून वास मारायला लागली.

रेजिनानं विचारलं, "बाई, निष्कर्ष पुसू?"

"निष्कर्ष बरोबर आहे. तुमची मटकी चुकली!"

*

तपासणीला साहेब येणार म्हणून बाईंनी घरून डबाभर मोड आणले आणि वाट्यांतून मांडले. मी वाकून बघितलं, तर एका मोडाला हळद लागलेली!

म्हटलं, "बाई, फोडणी तेवढी राहिली!"

*

साहेबांनी वर्गात विचारलं, "मटकीला मोड कसे येतात?"

रेजिना म्हणाली, "बाईंच्या घरी येतात, साहेब. इथं नाही येत. इथलं पानी खारं हाय." आणि विहिरीच्या पान्याचा ग्लास पुढे केला.

साहेबांनी घोट घेतला आणि खिडकीबाहेर थुंकून टाकला. मला वाटलं, सुटली पोरं! साहेब बोलले असते तर दुसऱ्याच दिवशी टँकर आला असता.

सर मधे पडले. "ग्लासात मीठ टाकलंय, साहेब. पोरं वात्रट आहेत."

साहेब देसले बाईंकडे वळले. "वर्ग तुमचा. तुम्ही सांगा. विहीर खारी, की चावटपणा?"

मी दारातून ओरडले, "बाई, एक घोट घ्या आणि मग सांगा!"

बाईंनी ग्लास उचलला. बघितला. तसाच टेबलावर ठेवला आणि पदर सारखा केला.

"चावटपणा, साहेब."

"कोणाचा?"

बाई फळ्याकडे बघत म्हणाल्या, "रेजिना."